घोडीचा डावा डोळा

आबांचा वाचायचा चष्मा सुटला तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता. आबा म्हणजे माझे वडील. तापीकाठच्या एका गावात माझ्या भावाजवळ राहतात. केळी आणि पपईची शेती आता भाऊ बघतो, आबा फक्त बांधावर उभे राहून चुका काढतात. तर एके दिवशी त्यांनी नाकावरचा चष्मा काढून खुंटीला अडकवला आणि पेपरातलं बारीक अक्षर घडाघडा वाचून दाखवलं. मग गावभर सांगत सुटले, "मन्हा चष्मा सुटना बरं का." चष्मा सुटण्याचं श्रेय त्यांनी सकाळी खाल्लेल्या भिजवलेल्या बदामांना दिलं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. डोळ्याची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणतीच नाही. पण मलाही बदामांचं खरंच वाटलं.

पुढे कळलं की तीच मोतीबिंदूची सुरुवात होती. डोळ्यातलं भिंग वयाने घट्ट होत जातं, तेव्हा काहींना काही काळ जवळचं पुन्हा दिसायला लागतं. लांबचं त्याच वेळी हळूहळू जात असतं. जाणारं कुणी मोजत नाही, परत आलेलं तेवढं सगळे साजरं करतात. आबांचं अगदी तसंच झालं.

आबांच्या लांबच्या नजरेला आमच्या भागात मान होता. सारंगखेड्याच्या जत्रेत दरवर्षी देशभरातून घोडे येतात, आणि आमच्याकडचे हौशी शेतकरी घोडा घ्यायला निघाले की आधी आबांना गाडीत घालतात. आबा घोड्याची चाल बघतात, दात बघतात, अंगावरचे शुभ-अशुभ भोवरे बघतात, डोळे बघतात, आणि शेवटी एकच शब्द बोलतात. 'लई ल्या', म्हणजे घेऊन टाका, म्हणाले की सौदा झाला. मान हलवली की माणूस पुढच्या दावणीकडे जातो. या कामाचे ते कुणाकडून काही घेत नाहीत, चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा पितात. आई गेल्यावर शेती भावाकडे सोपवली, ग्रामपंचायतीतून बाहेर पडले, देवळाच्या कमिटीतही जाईनासे झाले. राहिला तो जत्रेतला शब्द. तो गेला तर आबांकडे सकाळी उठण्यासारखं काही उरलं नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मोतीबिंदूचं नाव निघालं की ते विषय बदलायचे. लक्षणं मात्र बदलत नव्हती. चहा कपाच्या शेजारी ओतायचे आणि कप कुणी सरकवला म्हणून सुनेवर डाफरायचे. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती मोठं वलय दिसतं, ते म्हणे हल्लीच्या दिव्यांमुळे. दुपारच्या उन्हात डोळ्यापुढे सगळं पांढरं होतं, ते म्हणे ऊन वाढल्यामुळे. चंद्र दोन दिसायला लागले तेव्हा मात्र त्यांना कुणावर ढकलता येईना. मग मी सरळ गाडी काढली आणि त्यांना नंदुरबारला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. डोळ्यांत थेंब घालून आबांना तासभर बसवून ठेवलं, मग यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावून दोन्ही डोळे नीट बघितले. दोन्हींत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त. बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या बाहुलीमागे मसुराच्या दाण्यासारखं स्वच्छ भिंग असतं, ते गढूळ झालंय. वरून काही साचलेलं नाही, त्यामुळे पुसून जाणार नाही. थेंबाने विरघळणार नाही. मध घालू नका, कांद्याचा रस घालू नका, कुणी काही सांगेल ते घालू नका. गढूळ भिंग काढायचं आणि त्या जागी नवं बसवायचं, एवढाच इलाज.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिकना का?"

"आता पिकायची वाट बघत नाहीत, आबा," बाई म्हणाल्या. "पूर्वी बघायचे, कारण पूर्वीची पद्धत वेगळी होती. आता कामाला अडायला लागलं की काढायचा. उलट जितका पिकेल तितका टणक होतो, मग काढायला अवघड जातं."

आबांनी हो हो केलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझा दंड धरून म्हणाले, "डॉक्टरीण ल्हान शे अजून. पिकाले जोयजे. कच्चं कापं का मंग आखो उगस." म्हणजे कच्चा काढला तर पुन्हा उगवतो.

मी तिथेच उभी राहिले. "आबा, केई तर तुम्ही कच्चीच कापतस ना?"

हे खरंच होतं. केळीचा घड झाडावर पिकू देणारा शेतकरी आमच्याकडे वेड्यात काढला जाईल. हिरवा घड कापायचा, गाडीत भरायचा, पिकायचा तिकडे दूर कुठल्यातरी शहरात. आयुष्यभर कच्चा माल कापणाऱ्या माणसाला स्वतःचा डोळा तेवढा झाडपिका हवा होता.

"केई न्यारी, डोया न्यारा," आबा म्हणाले. "जत्रा व्हई जाऊ दे, मंग देखसू."

जत्रा तेव्हा खूप लांब होती. ती झाली. मग पुढचीही आली. मधल्या काळात मी समजावून, भांडून, अबोला धरून पाहिलं. आबा बधले नाहीत. खरी गोष्ट मला उशिरा कळली. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. ऑपरेशन झालं की सगळ्या गावाला कळणार, आणि ज्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याला घोडा दाखवायला कोण नेणार, असा त्यांचा हिशेब होता. तोपर्यंत बाकी लोकांना काही कळत नाही अशी त्यांची समजूत होती.

दुसऱ्या जत्रेच्या वर्षी माझा नवरा साखर कारखान्यातून निवृत्त झाला. आम्ही शहाद्याला राहतो, गावाबाहेर थोडी शेती आहे. निवृत्त झालेली माणसं तीर्थयात्रा करतात, गुडघे दाखवायला जातात. आमच्यांनी जाहीर केलं की त्यांना घोडी घ्यायची आहे. लहानपणापासूनची हौस म्हणे. इतक्या वर्षांच्या संसारात ही हौस माझ्या कानावर आली नव्हती. मी म्हटलं, घ्या, पण लीद तुम्ही काढायची. ते लगेच हो म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आबांना तर फार आनंद झाला. जावयाची घोडी, म्हणजे घरचं काम. आम्ही तिघं सारंगखेड्याला गेलो. माझे गुडघे गर्दीत टिकत नाहीत, म्हणून मी गाडीतच बसून राहिले आणि ते दोघं दावणींकडे गेले. पुढे काय घडलं ते मला दोघांकडून वेगवेगळं आणि निरनिराळ्या दिवशी कळलं. दोन्ही जोडून सांगते.

कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची घोडी होती. चारही पाय खाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. आबांनी नेहमीसारखं तिला आधी चालवायला लावलं. डोळे टापांकडे होते, पण ऐकत होते कान. मग पायांवरून हात फिरवला, खूर दाबून पाहिले, बोट तोंडात घालून दात चाचपले, गळ्याखालचा शुभ भोवरा बोटानेच शोधला. नजर गेल्यापासून त्यांनी सगळं काम असं हातांवर आणि कानांवर आणून ठेवलं होतं, आणि ते इतकं सफाईने की बघणाऱ्याला वाटावं, जुन्या माणसांची हीच पद्धत. राहिले डोळे. घोड्याला दिसतं की नाही हे बघायला त्याच्या डोळ्यापुढे हात हलवतात. दिसलं तर पापणी लवते. आबांनी उजव्या डोळ्यापुढे हात हलवला, डाव्या डोळ्यापुढे हलवला. पण दिसत नसल्यामुळे हात फार जवळून गेला, त्याचा वारा लागला, आणि घोडीने दोन्ही वेळा पापणी मिटली. पापणी हाताला घासली एवढं त्यांना कळलं.

"डोया झकास शे," आबा म्हणाले. भोवती माणसं जमलीच होती. "लई ल्या, जवाईबापू. लक्ष्मी शे."

जवाईबापूंनी घेतली.

घोडी आमच्या शेतावर आली. स्वभावाने गरीब होती, हाताला डोकं घासायची. मला आधी प्राण्यांची फारशी आवड नव्हती, पण तिच्यासाठी रोज तिन्हीसांजेला गुळाचा खडा घेऊन जायला लागले. एक गोष्ट लक्षात यायला लागली. उजव्या बाजूने गेलं की ती आधीच मान वळवायची. डाव्या बाजूने गेलं की दचकायची. फाटकातून आत येताना डावा खांदा खांबाला घासायची. एकदा सकाळच्या उन्हात गूळ भरवताना मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते आणि डोळा समोर आला. आत, बाहुलीच्या जागी, शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं दिसलं. मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने बॅटरी मारून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, मोतीबिंदू आहे, जुना आहे, या डोळ्याने तिला दिसत नाही.

मला हसू आलं. मोतीबिंदू झालेल्या माणसाने मोतीबिंदू झालेली घोडी पास केली होती. हसू ओसरलं तसा राग आला, आणि रागाच्या भरात मी त्याच दिवशी आबांकडे गेले. नवरा सोबत होता, गाडीत सारखा म्हणत होता, सांगू नको, काय गरज आहे. मी ऐकलं नाही. ओसरीवर आबांसमोर बसून सगळं सरळ सांगून टाकलं. घोडीचा डावा डोळा गेलेला आहे, तुम्हाला दिसला नाही, तुम्हाला आता काहीच दिसत नाही.

आबा हाताने धोतराचा काठ सारखा करत राहिले. मग जावयाकडे तोंड करून, जावई बसला होता त्यापेक्षा जरा बाजूलाच बघत, म्हणाले, "मन्हाकडथीन चूक व्हयनी, जवाईबापू."

"काही नही, मामा," नवरा घाईघाईने म्हणाला. "बारीक फूल शे. कोनलेच दिसनार नही असं. आमले बी दिसनं नव्हतं."

आबांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. बारीक फूल. डोळ्यातला बारीक पांढरा ठिपका, कुणालाही न दिसण्यासारखा. म्हणजे नजरेची चूक म्हणता येणार नाही. ते मला म्हणाले, "चाल, कापी टाकू आते." इतक्या दिवसांच्या माझ्या भांडणाने जे झालं नव्हतं ते एका घोडीने केलं, म्हणून मला समाधान वाटलं. नवऱ्याच्या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दवाखान्यात त्याच बाई होत्या. उजवा डोळा बघून त्यांनी मान हलवली. आबांची इच्छा पूर्ण झाली होती, मोतीबिंदू पिकला होता. इतका, की भिंगाचा नंबर काढायच्या यंत्राचा उजेड आत जाईना. मग डोळा सुन्न करून, त्याला बारीक कांडी टेकवून, आवाजाच्या लहरींनी डोळ्याची लांबी मोजली आणि त्यावरून नव्या भिंगाचा नंबर काढला. साखर तपासली, रक्तदाब तपासला, डोळ्यातला दाब तपासला, मागचा पडदा ठीक आहे का याचाही जमेल तेवढा अंदाज घेतला. बाई म्हणाल्या, भिंग कितीही चांगलं बसवलं तरी मागचा पडदा खराब असेल तर उपयोग नाही.

मग त्यांनी पर्याय सांगितले. हल्ली बहुतेकांचं करतात ते फेको. अगदी बारीक छेद घ्यायचा, त्यातून सुईसारखं यंत्र आत घालायचं, आवाजाच्या लहरींनी गढूळ भिंग फोडून ओढून घ्यायचं, आणि त्याच छेदातून घडी केलेलं नवं भिंग आत सोडायचं. आत गेलं की ते उलगडतं. मोठ्या शहरात काही टप्पे लेझरनेही करतात. पण आबांचं भिंग दगड झालं होतं. ते आत फोडायचं तर यंत्राची ताकद फार लावावी लागणार, आणि त्याने डोळ्याच्या पुढच्या काचेला इजा होऊ शकते. म्हणून बाईंचं मत दुसऱ्या पद्धतीकडे होतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात जरा मोठा, तिरका छेद घ्यायचा आणि टणक गर अख्खाच बाहेर काढायचा. छेद असा असतो की आपोआप मिटतो, टाके लागत नाहीत. ही पद्धतही चांगली आहे, कमी प्रतीची नाही, फक्त बरं व्हायला थोडे जास्त दिवस लागतात.

"आधी आला असतात तर फेको झालं असतं," बाई म्हणाल्या. मी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे पाहत होते.

भिंगाचाही प्रश्न निघाला. एक साधं, एकाच अंतरावर स्पष्ट दाखवणारं, बहुतेक लोक लांबचं घेतात आणि वाचायला चष्मा लावतात. एक लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारं, पण त्यात रात्री दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. आबांनी वलयं हा शब्द ऐकताच हात जोडले. साध्या भिंगात लांबचं हवं की जवळचं, असं बाईंनी विचारलं तेव्हा मात्र त्यांनी खरंच विचार केला.

"घोडा पहिले लांबथीन देखतस," ते शेवटी मला म्हणाले. "दात मंग." मी बाईंना सांगितलं, लांबचं. म्हणजे खुंटीवरचा चष्मा पुन्हा नाकावर येणार होता. त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

ऑपरेशन सकाळी झालं. डोळ्याशेजारी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, आबा पूर्ण जागे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, आत लाल-निळे उजेड दिसले आणि डॉक्टरीणबाई कुणाशी तरी भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. शेजारच्या खाटेवर सातपुड्यातून आलेला एक म्हातारा होता, त्याच्या डोळ्यालाही तशीच पट्टी. त्याच्या घरचे ऊसतोडीला गुजरातेत जायचे होते, त्याआधी हे उरकून घेतलं होतं. आबांनी त्याला विचारलं, तुझा पिकला होता का? त्याने जरा विचार करून सांगितलं, "दिसत नव्हतं. मंग आलो." आबा दुसऱ्या कुशीवर वळले. बाईंनी येऊन सांगितलं की त्या कुशीवर झोपायचं नाही.

मी आबांना आमच्याकडेच शहाद्याला आणलं. पट्टी निघाली होती, वर काळा चष्मा. थेंब वेळच्या वेळी घालायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आमच्याकडे मिरच्यांचा हंगाम होता आणि शेजारी मिरची कुटायचं काम चालू होतं, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या बंद करून ठेवल्या. पहिले काही दिवस धूसर दिसत होतं, मग रोज थोडं थोडं साफ होत गेलं. आबा दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचायचे. भिंती किती पांढऱ्या आहेत याचं त्यांना फार नवल वाटलं. माझ्याकडे बघून म्हणाले, तू म्हातारी कधी झालीस. मी म्हटलं, तुमचा पिकत होता तेव्हा.

डॉक्टरीणबाईंनी फिरायला परवानगी दिली त्या दिवशी ते म्हणाले, "घोडी देखाले चाला. ते बारीक फूल देखू दे माले."

आम्ही तिघं शेतावर गेलो. ऊन कोवळं होतं. घोडी फाटकापासून थोड्या अंतरावर, डावी बाजू आमच्याकडे करून उभी होती. तिला आमची चाहूल लागली नव्हती. आबांनी फाटकावर हात ठेवला आणि थांबले. आत गेलेच नाहीत. त्यांना जवळ जायची गरज पडली नाही. तिथूनच दिसत होतं. पांढरा डोळा उन्हात चमकत होता. लहान मुलानेही सांगितला असता.

ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हाई बारीक शे?"

नवऱ्याने खाली बघितलं.

"तुमले दिसनं व्हतं? जत्रामा?"

"दिसनं व्हतं, मामा."

"मंग बोलनात काब्र नही?"

"तुम्ही झकास शे म्हनं," नवरा म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चार लोकेस्ना म्होरे तुमन्हा शब्द मी कसा मोडू?"

मी नवऱ्याकडे बघतच राहिले. हा माणूस स्वतःला दिसत असताना एका डोळ्याने आंधळी घोडी घरी घेऊन आला होता, कारण सासऱ्याला लोकांत खोटं पाडायचं नाही. आमच्याकडे जावई सासऱ्यापुढे मोठ्याने बोलत नाही, हे मला माहीत होतं. पण ते इथपर्यंत जातं हे माहीत नव्हतं. मला दोघांचाही राग आला, आणि त्याच वेळी नवऱ्याबद्दल माया वाटली. दोन्ही एकदम वाटलं.

आबांनी आणखी एकच विचारलं. "आखो कोनले दिसनं व्हतं?"

"बठ्ठासले," नवरा म्हणाला. सगळ्यांनाच दिसलं होतं.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावी जायचं म्हणाले, मी सोडून आले. घोडी आम्ही ठेवून घेतली. तिच्याकडे उजव्या बाजूने जायचं, डाव्या बाजूने गेलं तर आधी आवाज द्यायचा, एवढी सवय लागली की ती कुणाला त्रास देत नाही. आबांचा दुसरा डोळा राहिला होता. बाईंनी बोलावलं होतं, हा अजून फेकोने होईल, उशीर करू नका असं बजावलं होतं. आबांनी केळीची कापणी सांगितली, मग लग्नसराई, मग पाऊस. मला वाटत होतं ते पुन्हा पिकायची वाट बघतायत. या वेळी मीच त्यांना न विचारता दवाखान्याची तारीख घेऊन ठेवली. ती नेमकी जत्रेच्या आठवड्यात आली.

जत्रेला ते जातील असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनीच निरोप पाठवला, गाडी घेऊन ये. तापीच्या बाजूने थंड वारा येत होता. या वेळी मी गुडघ्यांची पर्वा न करता त्यांच्याबरोबर दावणींपर्यंत चालत गेले. लोक रामराम घालत होते, आबा काळा चष्मा काढून प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून उत्तर देत होते. ऑपरेशन झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. थोड्याच वेळात ओळखीचा एक शेतकरी आला. "आबा, हाई घोडी देखी द्या जरा."

करड्या रंगाची होती. मालकाने चालवून दाखवली. मला घोड्यातलं काही कळत नाही, पण ती मागचा एक पाय अर्धवट टेकत होती हे मलाही दिसलं. चार पावलं गेली तोच दिसलं. आबांनी पूर्ण फेरी होऊ दिली. जवळ गेले नाहीत, हात लावला नाही. भोवती नेहमीसारखी माणसं जमली होती.

"पाय झकास शेतस," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते घोडीकडे पाहत नव्हते. जमलेल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहत होते. कुणी मान डोलावली. कुणी घोडीच्या पायाकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही.

"मंग लई लेस, आबा," शेतकरी म्हणाला. "तुम्ही सांगशात तेच खरं."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लेऊ नको. लंगडस ती. तुले बी दिसस, माले बी दिसस." आणि मागे वळून गाडीकडे चालायला लागले. मला त्यांच्या मागे घाईने जावं लागलं.

गाडी पुलावर आली. मला फार वाईट वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं की दुसऱ्या डोळ्याची तारीख परवाची आहे.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "एक डोयामा इतलं दिसनं. दुसरा उघाडीसनी आखो काय देखनं शे?"

मी तारीख मात्र रद्द केली नाही.